गादीचा वारस आणि वतनाचा वारस

लोणंदच्या बाजारपेठेतून वर्षातल्या कुठल्याही महिन्यात एक चक्कर मारा. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतील. वर मोठ्या अक्षरात नाव, नावाच्या आधी 'श्रीमंत' आणि नावाला जोडून 'राजे'. खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत नीट पाहिले तर आपल्या वस्तीतल्या चार-पाच पोरांचे फोटो सापडतातच. १४ एप्रिलला निळा फेटा बांधणारी हीच पोरे. त्यांना कोणी विचारले, की अरे, हे 'राजे' नेमके कुठल्या राज्याचे, तर उत्तर ठरलेले असते : "घराणंच तसं आहे."

या एका उत्तराबद्दल आम्हाला बोलायचे आहे. वाक्य साधे दिसते, पण या देशातली सारी विषमता याच वाक्यावर उभी आहे. ज्या दिवशी आपण मान्य करतो की एक माणूस जन्मामुळे राजा आहे, त्याच दिवशी आपण हेही मान्य केलेले असते की दुसरा माणूस जन्मामुळे महार आहे, मांग आहे, ढोर आहे. वरचा वारसा आणि खालचा वारसा ही एकाच नियमाची दोन टोके आहेत. वरचे टोक डोक्यावर घ्यायचे आणि खालचे तेवढे तोडायचे, हे जमणारे नाही. म्हणून हा विषय एखाद्या व्यक्तीच्या विरोधातला किंवा एखाद्या पक्षाच्या बाजूचा समजू नये. हा आपल्या मुक्तीचा विषय आहे.

लॉर्डाचा मुलगा लॉर्ड

वंशपरंपरेने पदवी चालवण्याचे शास्त्र इंग्रजांनी सर्वात काटेकोरपणे लिहून ठेवले. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा पाच पायऱ्या. राजाने सनद द्यायची आणि त्या सनदेतच लिहायचे की ही पदवी पुढे कोणाकडे जाणार. बहुतेक सनदांचा मतलब एकच : थोरला औरस मुलगा, तो नसेल तर त्याचा मुलगा, तोही नसेल तर पुढचा भाऊ. मुलींना बहुतेक पदव्यांमध्ये काहीच नाही. दत्तकाला तर नाहीच नाही. सनदेत बसणारे पुरुष वारस संपले की पदवीही संपली. या पदवीच्या जोरावर माणूस एकही मत न मिळवता थेट पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात जाऊन बसायचा आणि करोडो लोकांसाठी कायदे करायचा.

या पंगतीत वंशपरंपरागत पदवी घेऊन बसलेला एकच भारतीय होता : बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा. १९१९ मध्ये त्यांना 'बॅरन सिन्हा ऑफ रायपूर' करण्यात आले. १९२८ मध्ये ते वारले. आता मुलगा लॉर्ड होणार की नाही? इंग्रजांना प्रश्न पडला, की हिंदू पद्धतीने झालेल्या लग्नात नवरा दुसरी बायको करू शकतो, मग अशा लग्नातला मुलगा इंग्रजी पदवीचा औरस वारस धरायचा का? त्याचा निकाल मुलाच्या बाजूने लागायला १९३९ उजाडले. मुलगा कर्तबगार आहे की नाही, हे कोणी तपासले नाही. तपासले ते आईबापाचे लग्न. वंशाच्या पदवीची परीक्षा अशीच असते. त्यात माणसाला पेपर नसतो, त्याच्या आईबापाला असतो.

पुढे खुद्द इंग्लंडलाच या प्रकाराची लाज वाटू लागली. टोनी बेन नावाचा मजूर पक्षाचा खासदार होता. १९६० मध्ये त्याचे वडील व्हायकाउंट स्टॅन्सगेट वारले आणि पदवी त्याच्या गळ्यात पडली. लॉर्ड झाला म्हणून त्याची लोकांनी निवडून दिलेली जागा गेली. पोटनिवडणुकीत लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले, तरी त्याला आत घेतले नाही, जागा हरलेल्या उमेदवाराला दिली. तो भांडत राहिला. शेवटी १९६३ मध्ये कायदा झाला, की ज्याला बापाची पदवी नको असेल त्याने ती टाकून द्यावी. कायदा लागू झाला त्याच दिवशी बेनने पदवी टाकली. १९९९ च्या कायद्याने ९२ जण सोडून बाकी सगळ्या वंशपरंपरागत लॉर्डांचा सभागृहात बसण्याचा हक्क काढून घेतला, आणि त्या ९२ जणांनाही बाहेर काढण्याचे विधेयक २०२४ मध्ये मांडले गेले.

इथे दोन गोष्टी तरुणांनी नीट समजून घ्याव्यात. पहिली ही, की इंग्लंडात लॉर्डाला पाच मुलगे असले तरी लॉर्ड एकच होतो. बाकीचे चार कायद्याच्या नजरेत सामान्य नागरिक. आपल्याकडे जात मात्र पाचही जणांना मिळते, पाचांच्या बायकापोरांना मिळते, मुलींना मिळते, त्यांच्या नातवंडांनाही मिळते. इस्टेटीत वाटा मागितला तर भाऊ भांडतो, जातीचा वाटा न मागता पूर्ण मिळतो. दुसरी गोष्ट ही, की इंग्लंडातल्या लॉर्डाला पदवी टाकायला कायद्याने १९६३ मध्ये वाट दिली. आपल्या माणसाला अस्पृश्यतेचा वारसा टाकायला कोणी वाट दिली नव्हती. ती बाबासाहेबांनी स्वतः पाडली. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते करून दाखवले. धम्मदीक्षा म्हणजे जन्माने मिळालेला वारसा लाखो माणसांनी एकाच वेळी नाकारणे. अशी घटना इंग्लंडच्या कुठल्याही लॉर्डाच्या इतिहासात नाही.

आपल्या मुलखातल्या गादीची गोष्ट

आता आपल्या मुलखाकडे या. लोणंदहून पूर्वेला निघाले की फलटणचा रस्ता, म्हणजे जुन्या फलटण संस्थानचा रस्ता. नाईक-निंबाळकरांचे घराणे जुने, शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. असे घराणे तरी रक्ताच्या नियमाने अखंड चालले असेल, असे वाटेल. इतिहास काय सांगतो?

१८२५ मध्ये सातारच्या राजाने फलटण ताब्यात घेतले. १८२७ मध्ये बनाजी नाईकांना वारस म्हणून मान्यता मिळाली, पण ३० हजार रुपये नजराणा भरल्यावर. १८२८ मध्ये बनाजी वारले आणि साताऱ्याने पुन्हा जप्ती आणली. ती उठली १८४१ मध्ये. मयताच्या पत्नीला दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, तीही पुन्हा ३० हजार रुपये नजराणा भरल्यावर. घराणे शतकानुशतकांचे, पण वारस ठरला नजराण्याच्या पावतीवर. मधली तेरा वर्षे तर गादीला वारसच नव्हता. ज्याला आपण रक्ताची अखंड परंपरा समजतो, तिच्यात असे सांधे असतात.

आणि ज्या साताऱ्याने फलटणकडून नजराणा घेतला, त्या साताऱ्याचे पुढे काय झाले? १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, वर्षानुवर्षे तिथे दारे ठोठावत राहिले, पण उपयोग झाला नाही. गादीवर प्रतापसिंहांचे भाऊ आप्पासाहेब बसले. फलटणच्या दत्तकाला नजराणा घेऊन मान्यता देण्यात आली ती यांच्याच काळात. ५ एप्रिल १८४८ ला आप्पासाहेब वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसीने सांगितले, खासगी मिळकतीपुरता हा दत्तक चालेल, राज्यासाठी चालणार नाही. सातारा खालसा झाला. दत्तक नामंजूर करून डलहौसीने गिळलेले हे पहिले राज्य. सात वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या वारसावर शिक्का मारणारी गादी स्वतःच्या वारसाच्या शिक्क्यासाठी कलकत्ता आणि लंडनकडे तोंड करून बसली.

यावरून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. गादीचा वारस रक्ताने ठरत नाही. तो वर बसलेली सत्ता ठरवते. काल ती सत्ता सातारकरांची होती, मग कंपनी सरकारची झाली. आज ती सत्ता लोकांच्या हातात आहे. मग आजचा 'राजा' कोण बनवतो? फ्लेक्सवर स्वतःचा फोटो लावून शिक्का मारणारे आपणच.

अजून एक गोष्ट पाहा. ज्यांना आपण वरचे समजतो, त्यांनाही त्यांच्या वरच्याने मोजलेच. प्रतापसिंह महाराजांच्या क्षत्रियत्वाबद्दल ब्राह्मणांनी वाद घातला आणि त्या वादात सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन महाराजांच्या विरोधात उभे राहिले. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वाट्यालाही वेदोक्ताचा तोच अपमान आला. डोक्यावर छत्र होते, पण पुरोहिताच्या लेखी राजाही शूद्रच होता. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला खाली बघायला कोणीतरी दिलेले असते, म्हणून वरून बसणाऱ्या लाथेबद्दल कोणी बोलत नाही.

साताऱ्याच्या त्या राजवाड्याचे पुढे काय झाले, हेही पोरांना सांगितले पाहिजे. राज्य गेले, राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० ला त्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. तोच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दत्तक असूनही ज्या गादीला वारस मिळाला नाही, तिच्या वाड्यात एका सुभेदाराचा मुलगा इंग्रजी शिकायला बसला. त्या वाड्याचा सर्वात मोठा वारस कोण, याचे उत्तर जगाने दिलेले आहे.

आपल्या आजोबांना मिळालेली 'पदवी'

आता खालचे टोक. गादीला जसे वारस होते तसे महार वतनालाही होते. इंग्रजांनी १८७४ मध्ये वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला, त्यात पाटील-कुलकर्ण्यांबरोबर गावकामगार महारही आला. त्याची 'पदवी' काय होती? येसकर, तराळ, वेसकर. काम काय? चावडीवर हजर राहायचे, सरकारी टपाल घेऊन दुसऱ्या गावाला पळायचे, साऱ्याची रक्कम पोचवायची, साहेब आला की त्याचे सामान वाहायचे, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात जायचे, मेलेले जनावर ओढायचे. वेळेला मर्यादा नाही. काम एकाच्या नावावर असले तरी तो घरी नसेल तर बापाला, भावाला, कोणालाही धरून न्यायचे. मोबदला म्हणजे बलुत्याची भाकर आणि हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा. तो तुकडाही पिढ्यानपिढ्या भाऊबंदांत वाटून असा झाला, की एकेकाच्या वाट्याला नांगर फिरवायलाही जागा उरेना.

पण वतन सुटत नव्हते. का? कारण ते 'आपले' होते. बापजाद्यांचे होते. गावात त्याला मान होता, असे सांगितले जायचे. होळीला महाराचा मान, लग्नात महाराचा मान. बाबासाहेबांनी हे दुखणे बरोबर ओळखले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ज्या महारांना वतनाच्या गुलामीतून सुटायचे असेल त्यांनी जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि जमीन आपल्याकडे ठेवून चाकरीतून मोकळे व्हावे, बलुत्याऐवजी रोख पैसे मिळावेत, असा त्याचा गाभा होता. विधेयकाला एवढा विरोध झाला, की १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. १९३९ मध्ये हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद घेऊन त्यांनी पुन्हा हा प्रश्न लावून धरला. शाहू महाराजांनी तर आपल्या संस्थानात १९१८ मध्येच महार वतन रद्द करून जमिनी रयताव्यावर दिल्या होत्या. इंग्रजी मुलखातून उरलेल्या महाराष्ट्राला ते करायला १९५८ चा कायदा यावा लागला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षे.

आणि त्या कायद्यानेही मेख ठेवलीच. वतन गेले, जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीवर. आजही सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असते. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, आणि विकायची तर सरकारला भरावा लागतो तो नजराणा.

नजराणा! शब्द ओळखीचा वाटतो ना? फलटणच्या राणीने दत्तकासाठी भरला तोच शब्द. फरक एवढाच, की तिकडे नजराणा भरून राज्य मिळत होते. इकडे आपल्या आजोबांनी पिढ्यानपिढ्या पळून, ओझी वाहून, ढोरे ओढून कमावलेल्या दीड-दोन एकरांसाठी नातवाने तो भरायचा. राजांच्या पदव्या रद्द होऊन अर्धशतक उलटले, पण वतनदार महाराच्या नातवाच्या सातबाऱ्यावरचा नजराणा अजून संपलेला नाही. आमच्या मते आज लढायचे असेल तर ते याच ठिकाणी.

संविधान काय म्हणते

संविधानाचे अनुच्छेद १८ सांगते, की सैनिकी किंवा विद्याविषयक मान सोडून राज्य कोणालाही किताब देणार नाही. संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते, की किताब न घेणे हा काही हक्क नाही, ते नागरिकाचे कर्तव्य आहे, या देशाचा नागरिक म्हणून राहायचे असेल तर पाळायची अट आहे. त्याआधी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही त्यांनी पद, जन्म आणि घराणे यांतून येणारे विशेषाधिकार नष्ट करण्याची मागणी केली होती.

अनुच्छेदात सूट कशाला आहे, ते पुन्हा वाचा. सैन्य आणि विद्या. रामजी सकपाळ सुभेदार झाले ते सैन्यातल्या नोकरीने. त्यांचा मुलगा डॉक्टर झाला तो कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांत केलेल्या अभ्यासाने. सुभेदाराचा मुलगा जन्मतः सुभेदार होत नाही आणि डॉक्टरच्या मुलाला बापाची पीएच.डी. मिळत नाही. दोन्ही किताब कमवावे लागतात आणि कमावणाऱ्याबरोबर संपतात. संविधानाने जिवंत ठेवले ते हेच किताब.

तरीही संस्थानिकांना तनखे आणि मानमरातब चालू राहिले, कारण विलीनीकरणाच्या करारांत तसे वचन होते. फलटणसह दक्षिणेतली संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. फलटणचे शेवटचे राजे मालोजीराव पुढे मुंबई राज्यात मंत्रीही झाले. १९७० मध्ये केंद्र सरकारने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत पुढे होते ग्वाल्हेरचे शिंदे. हे घराणे मूळचे कुठले? आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातील कण्हेरखेडचे पाटील. सरकार कोर्टात हरले. मग १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली. तनखे बंद झाले आणि 'राजा' म्हणून मान्यता असलेला एकही माणूस भारतात कायद्याने उरला नाही.

या सगळ्यात एक छोटी गोष्ट कोणी सांगत नाही. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे तुकड्या-तुकड्यांनी जे कायदे झाले त्यातला १९५६ चा वारसा कायदा उघडून पाहा. मुलीला वारस करणाऱ्या त्या कायद्याच्या पाचव्या कलमात संस्थानिकांसाठी पळवाट आहे : सरकारशी झालेल्या करारानुसार जी इस्टेट एकाच वारसाकडे जाते, तिला हा कायदा लागू नाही. सामान्य माणसाच्या घरात बहिणीचा वाटा, आणि राजवाड्यात थोरल्या मुलाची गादी. इंग्रजी लॉर्डाची सनद दिल्लीच्या कायद्यात मागच्या दाराने शिरली ती अशी.

ठरलेले आक्षेप

आम्ही हे बोलतो तेव्हा काही प्रश्न ठरलेले येतात. पहिला : "मग तुम्ही शिवाजी महाराजांनाही राजे म्हणणार नाही का?" म्हणणार, छाती फुगवून म्हणणार. कारण त्यांना राजेपण कोणी वारसाने दिले नाही. त्यांनी राज्य उभे केले, आणि तरीही १६७४ मध्ये राज्याभिषेकाला इथल्या ब्राह्मणांनी अडथळे आणले, म्हणून काशीच्या गागाभट्टाला बोलवावे लागले. जन्माच्या नियमाने त्यांना राजा मानायला नकार दिला होता. रयतेने आणि त्यांच्या कर्तृत्वाने त्यांना राजा केले. ज्यांना शिवरायांचा वारसा सांगायचा आहे त्यांनी कर्तृत्व दाखवावे, वंशावळ नको.

दुसरा प्रश्न : "शाहू महाराज, सयाजीराव हेही राजेच होते ना?" होते, आणि त्यांचे ऋण आपल्यावर आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के आरक्षण दिले, १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांना आपल्या समाजाचा नेता म्हणून पुढे केले. पण हे दोघे गादीवर कसे आले? सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे गोपाळराव, १८७५ मध्ये दत्तक गेलेले. शाहू महाराज हे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक गेलेले. आपण ज्या दोन राजांपुढे मान झुकवतो ते दोघेही गादीच्या पोटी जन्मलेले नव्हते. त्यांना आपण मानतो ते त्यांनी सत्तेचे काय केले म्हणून.

तिसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो : "त्यांच्याशिवाय कामं होत नाहीत." हा खरा प्रश्न आहे आणि आम्ही तो उडवून लावणार नाही. पाण्याचा टँकर, कारखान्यातली नोकरी, दवाखान्यातली ओळख यासाठी माणूस वाड्याकडे जातो. पण काम करणे हे आमदाराचे, सरपंचाचे, अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कर्तव्य केले म्हणून त्याला 'राजे' म्हणायचे, तर मग तलाठ्यालाही 'सरकार' म्हणावे लागेल, आणि आपले आजोबा तेच तर म्हणत होते. फलटण विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेवरून निवडून येणाऱ्याने कोणाच्या आशीर्वादाने उभे राहायचे आणि सभेत कोणापुढे वाकायचे, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. राखीव जागा बाबासाहेबांनी मिळवून दिली. ती कुठल्या वाड्याची दौलत नाही.

आणि आरसा आपल्याकडेही फिरवू. आपल्या चळवळीत 'अमक्याचा नातू', 'तमक्याचा पुतण्या' म्हणून खुर्ची मागणारे कमी आहेत का? वॉर्डातल्या मंडळाचे अध्यक्षपदही बापाकडून मुलाकडे जाते. नेत्याचा मुलगा नेता होऊ नये असे कोणी म्हणत नाही. पण त्याने रांगेत उभे राहावे, कामाची परीक्षा द्यावी. निळ्या झेंड्याखाली नवी गादी उभी राहिली, तर तिचा रंग निळा आहे म्हणून ती समतेची होत नाही.

काय करायचे

नुसते लिहून थांबायचे नाही. लोणंद, खंडाळा, फलटण आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांपुढे आम्ही चार साधी कामे ठेवतो.

पहिले, फ्लेक्सवर, पत्रिकेत, सूत्रसंचालनात जन्माची पदवी वापरायची नाही. 'माननीय आमदार', 'माननीय सदस्य' म्हणा, पूर्ण आदराने म्हणा. पद लोकांनी दिले आहे, त्याचा मान ठेवा. 'श्रीमंत' आणि 'राजे' लोकांनी दिलेले नाही.

दुसरे, आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराचा सातबारा आणि जुने फेरफार काढा. वतनाची जमीन कोणाच्या नावावर आहे, किती वारसांची नोंद राहिली आहे, परस्पर कोणी साठेखत करून घेतले आहे का, ते तपासा. वारसनोंदीला नजराणा लागत नाही, अर्ज आणि पाठपुरावा लागतो. आजोबा वारून तीस वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचेच नाव असेल, तर ती जमीन उद्या कोण सांभाळणार?

तिसरे, त्या नोंदीत आत्याचे आणि बहिणीचे नाव आधी लिहा. 'बहिणीनं हक्कसोड केलं' हे अभिमानाने सांगणारा भाऊ आणि मुलीला पदवी न देणारा इंग्रज लॉर्ड यांच्यात आम्हाला काहीच फरक दिसत नाही.

चौथे, महार वतनाच्या जमिनीवरचा नजराणा कायमचा माफ करून ती मूळ वारसांच्या नावावर वर्ग १ करावी, पण ती बिल्डर-दलालांच्या घशात जाणार नाही असे संरक्षण ठेवून, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावापासून विधानसभेपर्यंत न्यावी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक 'राजा'ला हाच प्रश्न विचारा. त्याच्या उत्तरावरून कळेल की तो कोणाचा प्रतिनिधी आहे.

शेवटी तथागतांची आठवण करून देतो. बुद्ध कपिलवस्तूला परतले तेव्हा आईच्या सांगण्यावरून लहानग्या राहुलने त्यांच्याकडे वारसा मागितला. शाक्यांच्या घरातले ते पोर होते, हक्काने मागत होते. बुद्धांनी त्याला वारसा दिला. सारिपुत्तांना सांगून संघात घेतले. आणि स्वतःच्या पश्चात संघाचा वारसदार नेमायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. धम्म हाच धम्माचा वारस, ही गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम मांडली आहे.

आपणही त्याच अर्थाने वारस आहोत. आपला वारसा कुठल्या सनदेत लिहिलेला नाही आणि तो कोणाच्या नजराण्यावर अवलंबून नाही. तो वाचून, झगडून, रोज नव्याने मिळवावा लागतो. म्हणून पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी कोणी फोटो मागायला आले, तर त्याला आधी तुमच्या आजोबांच्या वतनाचा फेरफार दाखवा.

जय भीम! जय संविधान!